चर्चच्या युवक गटातल्या मुलीने निवडणुकीत उतरावं का? (वसई)

वाडीतली_पोर

नमस्कार सगळ्यांना. लिहू की नको करत दोन आठवडे गेले, आज लिहितेच. मी २४ वर्षांची, वसईच्या पश्चिम पट्ट्यातली, अंधेरीला नोकरी, म्हंजे सकाळी सातची लोकल आणि रात्री घरी यायला साडेआठ-नऊ. आमच्या धर्मग्रामातल्या, म्हंजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, युवक गटात मी चार वर्षं आहे.

दोन वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळात (ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस) आम्ही ठरवलं की या वेळी नुसता उपास नको, काहीतरी हाताने करूया. गावाच्या टोकाला एक बावखल आहे. वसईबाहेरच्यांसाठी सांगते, बावखल म्हंजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं जुनं तळं, वाडीच्या कडेला असतं, पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि मग आजूबाजूच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहतं. केळी, पानवेली, फुलं सगळं त्यावर चालायचं. आमचं बावखल जलपर्णीने आणि प्लॅस्टिकने पार भरलेलं. सहा रविवार मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली की सरळ तिकडे, कमरेपर्यंत गाळात. त्या पावसाळ्यात पाणी साठलं, आणि पुढच्या मे महिन्यात शेजारच्या दोन विहिरी आटल्या नाहीत. मला आयुष्यात कधी इतका आनंद झाला नव्हता, खरंच सांगते.

मग एक दिवस पहाटे तिथे भरावाचे डंपर आले. एका कोपऱ्यात टाकायला सुरुवात. आम्ही तक्रार घेऊन एका ऑफिसात गेलो, त्यांनी दुसऱ्या ऑफिसात पाठवलं, तिथे म्हणाले जागा खाजगी आहे आमचा संबंध नाही, परत पहिल्याकडे. सहा खेपा झाल्या, माझ्या चार सुट्ट्या गेल्या. शेवटी एका पक्षाचे आमच्या भागातले पदाधिकारी भेटले (पक्षाचं नाव घेत नाही, इथे तो वाद नकोय), त्यांनी आमच्यासमोर एक फोन केला आणि दुसऱ्या दिवसापासून डंपर बंद. एका फोनवर! आम्ही सहा खेपा घालून जे झालं नाही ते.

आठ दिवसांनी तेच घरी आले. म्हणाले आमच्याबरोबर काम कर, पुढे महिलांसाठी जागा असेल तर तुझा विचार करू, शिकलेली ख्रिस्ती मुलगी पाहिजेच आहे, तुमच्या चर्चची एवढी मतं आहेत.

ते गेल्यापासून घरात आणि गटात शांतता नाही. गटातले अर्धे म्हणतात जा, आतून कामं होतात. अर्धे म्हणतात आपण ख्रिस्तासाठी गाळात उतरलो होतो, मतांसाठी नाही. फादर रागावले नाहीत, पण म्हणाले तू व्यक्ती म्हणून काय ते ठरव, गटाचं नाव आणि चर्चचा हॉल वापरायचा नाही, वेदीसमोर सगळ्या पक्षांची माणसं गुडघे टेकतात. आई तर रडतेच.

मला विचारायचंय ते हे की श्रद्धा आणि राजकारण असं वेगवेगळं ठेवता येतं का? मी बावखलात उतरले ते माझ्या श्रद्धेमुळेच ना? मग पुढचं पाऊल टाकताना ती श्रद्धा दाराबाहेर ठेवायची का? आणि ते "तुमच्या चर्चची मतं" ऐकून मला जे कसंतरी झालं, ते बरोबर आहे की मी उगाच जास्त विचार करतेय?

---

बावखलकाठचा_काका

पोरी, आधी शाबासकी घे. सहा रविवार गाळात उतरणं हे सोपं काम नाही.

मी आता साठीचा आहे. सिडकोला, म्हणजे शहरं वसवणाऱ्या सरकारी महामंडळाला, १९९० साली आपल्या भागाचं नियोजन प्राधिकरण नेमलं तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो. हरित पट्टा बिल्डिंगांसाठी मोकळा होणार म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि विवेक पंडित यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. आजच्या पोरांना फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून माहीत, आम्हाला ते मोर्चातले माहीत. २५ जुलै २०२४ ला ते गेले तेव्हा अंत्यविधीला उभा राहून मी तीच वर्षं आठवत होतो. विहिरींचं पाणी उपसून टँकर भरून जायचे आणि वाड्यांचं पाणी मचूळ व्हायला लागलेलं, हे आम्ही चाखून बघितलंय.

एक गोष्ट नीट लक्षात घे. ती चळवळ ख्रिस्ती लोकांची नव्हती. त्यात आपले ख्रिस्ती कुपारी होते तसे वाडवळ होते, आगरी होते, कोळी होते, आदिवासी होते. पाणी मचूळ होताना कुणाचा धर्म बघत नाही. फादर पुढे होते म्हणून बाहेरचे लोक म्हणायचे चर्चचं आंदोलन, पण आमच्या बैठका देवळाच्या ओट्यावर पण झाल्यात.

आता तुझ्या फादरांचं. ते बरोबर आहेत. चर्चच्या कायद्यात धर्मगुरूला सत्तेचं पद घ्यायला मनाई आहे, पक्षाच्या कामात पण पुढे राहायचं नाही असं आहे. पण हा नियम धर्मगुरूला आहे, तुला नाही. उलट जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हे काम प्रापंचिकांचं, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या आपल्यासारख्यांचं, म्हणून सांगितलंय. फादरने वेदी सांभाळायची, तू गटार आणि बजेट सांभाळायचं, इतकं ते सरळ आहे. आपल्याकडे उलटं झालं, तीस वर्षं आपण प्रत्येक गोष्टीला फादरच्या तोंडाकडे बघत बसलो.

आणि मला जे सलतं ते सांगतो. आम्ही विरोध करायला शिकलो, कारभार करायला शिकलो नाही. ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून महापालिका झाली, ती नको म्हणून गावं रस्त्यावर उतरली, २०११ ला २९ गावं वगळायचा निर्णय शासनाने घेतला, मग ते प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं. त्या सगळ्या काळात आमच्या आळीतल्या एकाही पोराला आम्ही विकास आराखडा वाचायला शिकवला नाही. आम्हाला घोषणा पाठ होत्या, आपल्या वाडीचा सर्व्हे नंबर पाठ नव्हता. तू जाशील कुठल्या पक्षात की नाही ते तू बघ, पण आधी कागद वाचायला शिक.

---

एक_आई

मी तुझ्या आईच्या बाजूने लिहितेय, कारण ती इथे नाहीये.

माझा मुलगा २२ चा आहे. त्याने फादर स्टॅन स्वामींच्या आठवणीत मेणबत्ती लावायच्या कार्यक्रमाला जायचं म्हटलं तेव्हा मी दार अडवून उभी राहिले होते. ८३ वर्षांचे येशूसंघी धर्मगुरू, सगळं आयुष्य झारखंडच्या आदिवासींसाठी, ऑक्टोबर २०२० मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक. पार्किन्सनने हात थरथरायचे म्हणून पाणी प्यायला सिपर मिळावा यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला, आणि ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिलीमध्ये गेले, जामीन मिळालाच नाही. एका म्हाताऱ्या फादरचं असं होतं तर माझ्या पोराचं काय, एवढंच माझ्या डोक्यात. त्या दिवशी मी त्याला जाऊ दिलं नाही.

पण त्यानंतर काय झालं, तो माझ्याशी बोलेनासा झाला. भांडण नाही, नुसतं गप्प. महिन्याभराने म्हणाला मम्मी, लहानपणी रोज रात्री तूच म्हणायला लावायचीस ना, तुझे राज्य येवो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, मग ते फक्त गुडघ्यावर बसून म्हणायचं होतं का? मला उत्तर देता आलं नाही.

तुझ्या आईला रागावू नकोस. आमच्या पिढीने बघितलंय की राजकारणात गेलेल्याच्या घरावर रात्री दगड येतात, भाऊ भावाशी बोलत नाही, लग्नात पंगती वेगळ्या होतात. तिला बाहेरच्यांची भीती आहेच पण घर फुटण्याची त्याहून जास्त आहे. तिला बावखलावर घेऊन जा एकदा. मी मुलाबरोबर एकदा गेले, त्यांच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत, तिथे मला त्याचं काम दिसलं, भीती गेली नाही पण मी दार अडवणं बंद केलं.

---

वकिली_शिकतोय

काही कायद्याच्या गोष्टी, कारण धाग्यात त्या यायला हव्यात.

पहिलं, ते "तुमच्या चर्चची मतं" ऐकून तुला कसंतरी झालं ना, ते अगदी बरोबर झालं. सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन असा निकाल दिलाय की उमेदवाराच्या किंवा मतदाराच्या धर्माच्या नावाने मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे भ्रष्ट आचार आहे. ते प्रकरण आपल्या मुंबईचंच, १९९० च्या सांताक्रूझच्या निवडणुकीचं. तो कायदा विधानसभा-लोकसभेचा, पण महापालिकेच्या निवडणुकीतही आचारसंहितेत प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरायचं नाही असतंच. म्हणजे फादर हॉल देत नाहीत त्याने तुझं नुकसान नाही, संरक्षण आहे.

दुसरं, उमेदवारीला वयाची अट २१ पूर्ण, म्हणजे तू पात्र आहेस. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, म्हणून पक्षांना बायका-मुली लागतातच. आता नीट ऐक, मुंबई सोडली तर बाकीच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असतात, एका प्रभागातून साधारण चार जण. एवढ्या मोठ्या प्रभागात अपक्ष एकट्या मुलीला निवडून येणं फार कठीण, म्हणून पॅनल लागतं आणि पॅनल म्हटलं की बाकीच्या तिघांचं ओझं पण तुझ्या डोक्यावर. ते तिघे कोण असणार आहेत हे हो म्हणायच्या आधी विचार. त्यातला एखादा भरावाच्या धंद्यातला निघाला तर काय करशील?

तिसरं बावखलाचं. ती जागा खाजगी आहे म्हणून सांगितलं ते तोंडी सांगितलं का लेखी? सातबारा काढ, बघ नाव कुणाचं आहे, शेरा काय आहे. सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये सांगितलंय की तळी, जंगलं, डोंगर ही निसर्गाची देणगी आहे, समाजाची साधनसंपत्ती आहे, ती राखली पाहिजे. २०११ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात गावाच्या सामाईक तळ्यावरचं अतिक्रमण काढायला लावलं. आता तो निकाल सार्वजनिक जागेचा आहे, खाजगी मालकी असेल तर वाद वेगळा होतो, पण खाजगी जागेत पण परवानगीशिवाय भराव टाकता येतो असं नाही. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून विचार की या सर्व्हे नंबरवर भरावाची परवानगी कुणी, कधी, कुठल्या अटीवर दिली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर अपील.

आणि माझं वैयक्तिक मत. एका फोनवर डंपर थांबले, तसे एका फोनवर परत सुरू होतात. कागदावर थांबले असते तर तो कागद तुझा असता.

---

श्रीरामपूरचा_मी

जय ख्रिस्त. मी कॅथलिकच, पण नगरकडचा, हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेचं तीर्थक्षेत्र) पायथ्याशी वाढलेला. माझे आजोबा साखर कारखान्यात होते. धागा वाचून चांगलं वाटलं, पण एक गोष्ट बोलायची राहतेय म्हणून लिहितो, वाईट वाटून घेऊ नका.

तुमच्याकडे वाडी आहे, विहीर आहे, सातबारा आहे. म्हणून तुमचं सार्वजनिक हित म्हटलं की पाणी आणि हिरवाई डोळ्यासमोर येते. आमच्याकडे सातबाराच नाही. आमचे वाडवडील जातीच्या छळाला कंटाळून ख्रिस्ती झाले, आणि १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आमचं अनुसूचित जातीचं संरक्षण गेलं. १९५६ ला शीख दलितांना मिळालं, १९९० ला बौद्धांना मिळालं, आम्हाला नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने सांगितलं की धर्म आणि हा दर्जा वेगळा करा, काही झालं नाही. मग २०२२ मध्ये याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला. माझ्या चुलतभावाचा जातीचा दाखला आणि बाप्तिस्म्याचा दाखला या दोन कागदांमध्ये त्याची पंधरा वर्षं गेली.

हे मी तुला का सांगतोय? कारण दहा ऑगस्टला आम्ही काळा दिवस पाळतो तेव्हा आमच्याबरोबर रस्त्यावर किती कॅथलिक तरुण असतात जे स्वतः दलित नाहीत? मी वसईचे, मुंबईचे, गोव्याचे म्हणून शोधतो, फार थोडे दिसतात. भारतीय बिशपांच्या परिषदेने २०१६ ला दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं, त्यात आपल्याच चर्चमधला भेदभाव मान्य केला, पण ते तुमच्या युवक गटात कधी वाचलं गेलं का?

तू राजकारणात ये. मनापासून म्हणतो, ये. पण ख्रिस्ती समाजाची उमेदवार म्हणून येऊ नकोस, कारण तो ख्रिस्ती समाज म्हणजे नेमकं कोण हे आपलंच अजून ठरलेलं नाही. बावखलाच्या पलीकडे कोण राहतं? त्यांना विचारलंस का त्यांना काय पाहिजे?

---

माजी_कार्यकर्ता_नालासोपारा

थोडक्यात लिहितो, ड्युटीवर आहे. एका पक्षात पाच वर्षं होतो, मी पण चर्चच्या गटातूनच गेलो. पहिलं वर्ष बॅनर, दुसरं वर्ष बॅनर. दर नाताळला माझं काम एकच, नेत्यांचा फोटो आणि गोठ्याचं चित्र असलेला शुभेच्छांचा फ्लेक्स चर्चच्या गेटसमोर लावायचा आणि फादरना केकचा डबा द्यायला नेत्यांना घेऊन जायचं. पाण्याचा प्रश्न मी मांडला की म्हणायचे बघू. लोकांना मी पक्षाचा वाटायचो आणि पक्षाला मी चर्चचा. सोडलं.

पण सगळंच वाईट नव्हतं हे पण सांगतो. अर्ज कसा फिरतो, कुठल्या टेबलावर अडतो, कुठल्या महिन्यात बजेटमध्ये घालावं लागतं, हे मला तिथेच कळलं, आणि आता मी वस्तीतल्या लोकांची तीच कामं पक्षाशिवाय करतो. जायचं असेल तर आधी त्यांच्याकडून एक काम लेखी मागून घे, पदाचं नाही, बावखलाचं. देतात का बघ. तिथेच सगळं कळेल.

---

ब्रदर_पुण्याहून

मी पुण्यात ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकतोय, धर्मगुरू व्हायला अजून तीन वर्षं आहेत, त्यामुळे हे एका विद्यार्थ्याचं समजा.

ताईने विचारलंय श्रद्धा दाराबाहेर ठेवायची का. माझं उत्तर, नाही, पण श्रद्धेचा उपयोग कशासाठी करायचा ते बघायला पाहिजे. सार्वजनिक हिताची व्याख्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये केलीय. माझ्या शब्दांत सांगायची तर प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक समूहाला पूर्ण फुलून येता यावं अशी समाजाची जी सगळी परिस्थिती, ते सार्वजनिक हित. त्यात कॅथलिकांचं हित असं वेगळं काही म्हटलेलंच नाही. श्रीरामपूरच्या दादांनी जे लिहिलं ते या व्याख्येत तंतोतंत बसतं. एक जरी बाहेर राहिला तरी ते पूर्ण होत नाही.

आपल्याकडे लोकांना वाटतं की चर्चने हे अलीकडे सुरू केलं. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या हालांवर परिपत्रक काढलं, रास्त मजुरी आणि संघटना करायचा हक्क यावर. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतलं ते त्याचीच आठवण ठेवून, त्यांनीच तसं सांगितलं. पोप फ्रान्सिस तर म्हणायचे राजकारणाला लोक नावं ठेवतात पण ते प्रेमसेवेच्या सर्वात थोर रूपांपैकी एक आहे.

आणि एका तरुणाबद्दल सांगतो, कारण आमच्याकडे युवक शिबिरात त्याचा फोटो लावतात पण त्याचं राजकारण सांगत नाहीत. पिएर जॉर्जो फ्रासाती, इटलीतल्या तुरीनचा, श्रीमंत घरचा, बाप वर्तमानपत्राचा मालक. रोज मिस्सा, गरिबांच्या खोल्यांमध्ये औषधं पोचवायचा, डोंगर चढायचा. हे सगळे सांगतात. पण तो त्यांच्याकडच्या लोकपक्षाचा सभासद होता, मुसोलिनीच्या फॅसिस्टांच्या विरोधात उघड उभा राहिला, आणि त्याच्याच पक्षाचे लोक मुसोलिनीच्या सरकारात गेले तेव्हा त्यांच्यावरही चिडला. १९२५ मध्ये २४ व्या वर्षी पोलिओने गेला. अंत्ययात्रेला तुरीनचे गरीब लोक रस्ताभर उभे, घरच्यांना माहीतच नव्हतं की हा एवढ्यांना भेटायचा. ७ सप्टेंबर २०२५ ला त्याला संत म्हणून घोषित केलं. ताई, तुझ्याच वयाचा. त्याने पक्ष आणि प्रार्थना दोन्ही ठेवलं, पण पक्ष चुकला तेव्हा पक्षाला चुकला म्हणाला. मला वाटतं तुला स्वतःला एवढंच विचारायचंय, की मी आत गेल्यावर मला नाही म्हणता येईल का?

---

वाडीतली_पोर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण मधे बरंच काही झालं.

श्रीरामपूरच्या दादाचा प्रश्न मला झोपू देईना, बावखलाच्या पलीकडे कोण राहतं. पलीकडे एक चाळ आहे, दहा-बारा वर्षांपूर्वी बांधलेली, बहुतेक उत्तर प्रदेश आणि कोकणातली माणसं, भाड्याने. आम्ही सहा रविवार त्यांच्या दारासमोर गाळ काढला आणि एकदाही त्यांच्याशी बोललो नव्हतो. आमच्यात त्यांच्याबद्दल बोलणं व्हायचं ते फक्त हेच कचरा टाकतात एवढंच. मी आणि गटातली एक मैत्रीण गेलो. एका काकूंनी चहा दिला आणि सांगितलं की जिथे भराव पडला तिथूनच पावसाचं पाणी बावखलात जायचं, आता ते अडून त्यांच्या खोल्यांत गुडघाभर येतं, मागच्या जुलैमध्ये दोनदा सामान माळ्यावर चढवलं. आणि कचऱ्याचं काय तर त्यांच्या बाजूला घंटागाडीच येत नाही, कधीच नाही, टाकायचा कुठे? डंपरचे नंबर पण त्यांच्या मुलाने मोबाईलमध्ये काढून ठेवले होते. आम्ही सहा खेपा घातल्या आणि पुरावा रस्त्याच्या पलीकडे होता. मला फार लाज वाटली.

त्या पदाधिकाऱ्यांना भेटले. माजी कार्यकर्ता म्हणाले तसं लेखी मागितलं, बावखल आराखड्यात जलसाठा म्हणून दाखवा अशी मागणी तुमच्या पक्षाच्या लेटरहेडवर द्या. म्हणाले निवडणुकीनंतर बघू, आणि परत चर्चच्या मतांचा विषय काढला. मी सांगितलं काका, तुम्ही डंपर थांबवलेत त्याचे उपकार आहेत, पण चर्चची मतं माझ्याकडे नाहीत, माझ्याकडे फक्त माझं मत आहे. या वेळी नाही म्हटलं. कायमचं नाही म्हटलेलं नाही, हे पण इथे स्पष्ट सांगते, मला एक दिवस त्या सभागृहात बसायचंय आणि आता मला ते बोलायला संकोच वाटत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय, दोन नावांनी, एक माझं आणि एक त्या काकूंचं. चाळीतले सात आणि गावातले नऊ जण मिळून एक गट केलाय, चर्चच्या नावाने नाही. फादरना सांगितलं, ते खूश झाले, आणि दर महिन्याला आमच्यासाठी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक विनंती घालणार म्हणालेत, तेवढं पुरे. युवक गटात दहा ऑगस्टबद्दल एक बैठक ठेवलीय, दादा, तुम्ही व्हिडिओ कॉलवर बोलाल का? आम्हाला खरंच काही माहीत नाही.

आईला बावखलावर नेलं. ती गप्प उभी राहिली, मग म्हणाली याच्यात आम्ही लहानपणी म्हशी धुवायचो. माझ्या आजोबांचं दूध मुंबईला जायचं हे मला माहीत होतं, म्हशी इथे धुवायचे हे माहीत नव्हतं. घरी येताना तिने त्या चाळीतल्या काकूंना सुकेळी (आमच्याकडची सुकवलेली केळी) देऊन ये म्हणून सांगितलं.

---

श्रीरामपूरचा_मी

बोलतो की. फक्त रविवारी दुपारी ठेवा, सकाळी आमच्याकडे मिस्सा उशिरा संपते. आणि माझ्याबरोबर माझा चुलतभाऊ पण असेल, ज्याचं दाखल्याचं सांगितलं तो. त्याचंच ऐका, मी मधे मधे बोलेन.

---

बावखलकाठचा_काका

वाचून डोळे भरले पोरी. तुझी आई म्हशी धुवायची म्हणजे मी तिला नक्की ओळखत असणार, माझा नमस्कार सांग.

एक काम राहिलंय. नुसता चालू सातबारा काढू नकोस, जुने फेरफार पण माग, तीस-चाळीस वर्षांचे. पूर्वी बऱ्याच बावखलांना चार-पाच घरांचा सामाईक हक्क असायचा, नंतर कुणाच्या तरी एकट्याच्या नावावर लागली. तलाठ्याकडे जाताना मला घेऊन जा, त्याहून जुना, मोडीतला एखादा कागद निघाला तर मला थोडंफार वाचता येतं. सोमवारी सकाळी मी मोकळा आहे.